बी, जमीन आणि चिमूटभर साखर

परळी वैजनाथ या आमच्या गावाच्या नावातच वैद्य आहे. येथील ज्योतिर्लिंग वैद्यनाथाचे मानले जाते. समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपविले गेले, अशी कथा येथील हिंदू बांधव श्रद्धेने सांगतात. मुंबईतील परळ या भागाला ते नाव या परळी वैजनाथावरूनच पडले, अशी एक व्युत्पत्ती मुंबईच्या जुन्या इतिहासकारांनी नोंदवून ठेवली आहे. पाडळ नावाच्या वृक्षावरून ते पडले, असे मानणारा दुसराही एक पक्ष आहे. खरे काय ते भाषापंडितांनी ठरवावे. आम्हांला मात्र हातात तपासण्यांच्या कागदांची जाडजूड पिशवी घेऊन कोणी परळीहून परळला निघालेला दिसला, की पहिली व्युत्पत्ती आठवते. परळला टाटा रुग्णालय आहे. तिकडे जायचे म्हटले की गावात कोणी पुढचा प्रश्न विचारीत नाही.

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका घरी आजाऱ्याला ख्रिस्तशरीर देण्यासाठी आम्ही गेलो होतो. घरातील आईला स्तनाचा कर्करोग झालेला. शस्त्रक्रिया आटोपली होती, केमोथेरपी चालू होती. मुले कर्तबगार आणि आईवर जीव टाकणारी. प्रार्थना संपल्यावर थोरला मुलगा आम्हांला बाजूला घेऊन थोड्या अभिमानानेच म्हणाला, ‘‘फादर, आम्ही आईची साखर पूर्ण बंद केली. भात बंद, भाकरी बंद, फळंसुद्धा बंद. कर्करोग साखरेवरच जगतो म्हणतात. त्याचीच उपासमार करायची.’’ शिवाय सकाळ-संध्याकाळ सोड्याचे पाणी देणे चालू होते. माउली भिंतीला टेकून बसली होती. हातांतील बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. ती हळूच म्हणाली, ‘‘तो रोग उपाशी मरायचा तेव्हा मरू द्या फादर, त्याच्या आधी मीच जाईन बघा.’’ पुढच्या तपासणीत तिचे वजन इतके उतरलेले निघाले, की डॉक्टरांनी केमोथेरपीचा पुढील डोस लांबणीवर टाकला.

त्या मुलांच्या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी ऐकलेली गोष्ट निखालस खोटी होती, असेही नाही. ती अर्धी होती, आणि अर्ध्या गोष्टीने त्या घरात अनर्थ होता होता राहिला. आम्ही काही वैद्यकशास्त्राचे पंडित नव्हे. परंतु त्या दिवसापासून या विषयावरील जे मिळेल ते वाचीत गेलो, जाणकार डॉक्टरांना विचारीत गेलो, आणि ध्यानात आले की उरलेली अर्धी गोष्ट हा शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. कर्करोगाची पेशी काय खाते आणि ते कसे जाळते, हे केवळ त्या पेशीवर अवलंबून नसून तिच्या भोवतालावरही अवलंबून असते, हे माणसाला कसकसे उमगत गेले, त्याचा हा इतिहास. तो आपल्या कुटुंबांपर्यंत पोहोचावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

पेरणाऱ्याचा दाखला आणि एक शल्यविशारद

पेरणाऱ्याचा दाखला आपणां सर्वांना पाठ आहे. बी एकच, पण काही वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काट्यांत आणि काही चांगल्या जमिनीत. पीक येते ते शेवटच्या ठिकाणी. बियाण्याइकीच जमीनही महत्त्वाची, हे बालाघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सन १८८९ मध्ये स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने हाच विचार कर्करोगाला लावला. स्तनाच्या कर्करोगाने मरण पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनांच्या नोंदी त्याने तपासल्या. रोग शरीरात इतरत्र पसरतो तो रक्ताबरोबर वाहत जाऊन कोठेही अडकतो, असे तेव्हा समजले जाई. तसे असते, तर ज्या ज्या अवयवाला सारखे रक्त मिळते तेथे तेथे तो सारखाच आढळायला हवा होता. पॅजेटला दिसले ते निराळेच. यकृतात आणि हाडांत दुय्यम गाठी वारंवार होत्या. प्लीहेत मात्र त्या क्वचितच होत्या. यावरून त्याने अनुमान काढले, की बी सर्व दिशांना जाते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. बियाचा अभ्यास पुष्कळ चालला आहे, आता जमिनीचाही व्हावा, असा त्याचा आग्रह होता.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. शुभवर्तमानातील बी चांगले आहे, पॅजेटचे बी वाईट. म्हणून दाखल्याचा अर्थ उलटा करून रुग्णाच्या शरीराला ‘वाईट जमीन’ म्हणण्याचा मोह कोणी करू नये. जमीन तीच असते. जी माती बाळाला दूध देते आणि जखम भरून काढते, तीच या बियाला सापडते, एवढेच.

बर्लिनमधील काचेची नळी

पॅजेटचा आग्रह बराच काळ बाजूला पडला. शास्त्रज्ञांचे लक्ष बियावरच राहिले. त्यांतील सर्वांत बुद्धिमान आणि सर्वांत हट्टी माणूस म्हणजे जर्मनीतील ऑटो वारबुर्ग. जन्म १८८३, मृत्यू १९७०.

वारबुर्गचे काम समजण्यासाठी आधी दह्याकडे वळू या. दुधाला विरजण लावले की सूक्ष्म जंतू दुधातील साखर आंबवून तिचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याची आंबट चव ती हीच. या आंबण्याला प्राणवायू लागत नाही. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८६१ मध्ये दाखविले होते, की यीस्टला भरपूर हवा मिळाली की ते साखर कमी वापरते आणि आंबविण्याचे काम मंदावते. आपल्या शरीरातील पेशींचेही सामान्यतः असेच आहे. प्राणवायू असेल तर त्या साखर पूर्ण जाळतात. नसेल तर अर्धवट आंबवून वेळ निभावून नेतात. जिना धावत चढताना पायांच्या स्नायूंत हेच घडते.

परळीकरांना हा फरक समजावणे सोपे आहे. येथील औष्णिक विद्युत केंद्राच्या भट्ट्या १९७१ पासून आपण पाहत आलो आहोत. कोळशाला पुरेशी हवा मिळाली की तो पूर्ण जळतो आणि पुरी उष्णता देतो. हवा कोंडली की नुसता धूर होतो, उष्णता थोडी आणि कोळसा फुकट. पेशीचा हिशोब असा : ग्लुकोजचा एक कण प्राणवायूसह पूर्ण जाळला तर ऊर्जेची सुमारे ३० नाणी मिळतात, नुसता आंबविला तर अवघी २.

वारबुर्गने १९२०च्या दशकात उंदरांच्या अर्बुदांचे अगदी पातळ काप काढले, ते काचेच्या बंद पात्रात ठेवले आणि त्यांनी किती प्राणवायू घेतला, किती आम्ल तयार केले, हे दाबमापकाच्या नळीतील द्रवाच्या चढउतारावरून मोजले. निकाल चकित करणारा होता. प्राणवायू भरपूर असतानाही कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज मोठ्या प्रमाणावर आंबवीत होत्या. पेशीची भट्टीच मोडली आहे, म्हणून ती धुरावर जगते, आणि हेच कर्करोगाचे मूळ, असा सिद्धान्त त्याने मांडला व आयुष्याच्या अखेरपर्यंत सोडला नाही.

‘वारबुर्गला कर्करोगाचे कारण शोधल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले’ असे लिहिलेले संदेश आज भ्रमणध्वनीवरून घरोघर फिरतात. ते बरोबर नाही. १९३१चे पारितोषिक त्याला पेशींच्या श्वसनातील एन्झाइमचे स्वरूप आणि कार्य उलगडल्याबद्दल मिळाले होते. त्याचे निरीक्षण खरे ठरले. भट्टी मोडल्याचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. १९५६ मध्ये सिडनी वाइनहाउस या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की कर्करोगाच्या पुष्कळशा पेशींची भट्टी शाबूत असते आणि त्या प्राणवायूही वापरतात. मग त्या आंबवितात कशासाठी? याचे एक उत्तर आज असे दिले जाते, की घाईने वाढणाऱ्या पेशीला केवळ ऊर्जा नको असते. नवी पेशी उभारण्यास विटा-चुनाही हवा असतो, आणि तो अर्धवट वापरलेल्या साखरेतून मिळतो. परंतु हे उत्तरही बियापुरतेच झाले.

दोन पंखांतील रक्त

वारबुर्गचा काप हा जमिनीतून उपटलेला होता. जिवंत शरीरात काय घडते, हे पाहण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याचे नाव आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. दोघांचाही जन्म १८९६चा आणि प्रागचा. गर्टी यहुदी घराण्यातील; कार्लशी विवाह करण्यापूर्वी त्यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १९२०मध्ये विवाह झाला, १९२२मध्ये दोघे अमेरिकेत गेले आणि बफेलो येथील कर्करोग संस्थेत काम करू लागले.

१९२५मध्ये त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कोंबडीच्या एका पंखात अर्बुद होते, दुसरा पंख निरोगी. दोन्ही पंखांतून परत येणारे रक्त त्यांनी तपासले. अर्बुदाच्या बाजूचे रक्त ग्लुकोजने कमी आणि लॅक्टिक आम्लाने जास्त भरलेले होते. म्हणजे काचेच्या पात्रात जे दिसले ते जिवंत देहातही घडत होते. पण त्याबरोबरच एक नवी गोष्ट पुढे आली : अर्बुद काही तरी घेते आणि काही तरी बाहेर टाकते, आणि त्या टाकलेल्याचे पुढे काय होते याचा विचार करावा लागतो.

त्याचे उत्तर पुढे कोरी दांपत्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या चक्राने दिले. स्नायूंनी टाकलेले लॅक्टिक आम्ल रक्तातून यकृतात जाते, यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते आणि ते रक्तात सोडते. या चक्राच्या शोधानंतर ग्लायकोजेनवरील कार्यासाठी १९४७मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकशास्त्रातील हे पारितोषिक मिळविणाऱ्या गर्टी कोरी या पहिल्या स्त्री होत.

अर्बुदाने टाकलेले आम्लही याच वाटेने यकृताकडे जाते. येथे हिशोब ध्यानात घ्यावा. अर्बुदाला ग्लुकोज आंबवून ऊर्जेची २ नाणी मिळतात. त्या आम्लाचे पुन्हा ग्लुकोज करताना यकृताला ६ नाणी मोजावी लागतात. सावकारीतही एवढा तोट्याचा व्यवहार क्वचित असेल. रुग्ण खंगत जातो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे. अशा स्थितीत रुग्णाचे खाणे बंद केले तर काय होते? रक्तातील ग्लुकोज शून्यावर येत नाही. मेंदू त्यावरच चालतो, म्हणून शरीर ते खाली जाऊ देत नाही. यकृतातील साठा साधारण दिवसभरात सरतो. मग स्नायू वितळवून त्यांतील प्रथिनांपासून ग्लुकोज तयार केले जाते. म्हणजे उपासमार होते ती रुग्णाच्या दंडांची आणि पोटऱ्यांची. अर्बुदाची गरज शरीर स्वतःला मोडून भागवीत राहते. त्या माउलीच्या बांगड्या कोपरापर्यंत का सरकल्या, हे आम्हांला येथे कळले.

परळची माती

आता आपण महाराष्ट्रात येऊ. परळमध्ये हाफकिन संस्थेची जी जुनी वास्तू आहे, ती मुळात पोर्तुगीज काळातील कॅथलिक मठ व चर्च होती; पुढे ती इंग्रज गव्हर्नरांचे निवासस्थान झाली आणि १८९९मध्ये तेथे प्लेगविषयक प्रयोगशाळा आली. त्याच परळमध्ये २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १९४४मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. निरनिराळ्या समाजांच्या पान-तंबाखूच्या सवयी आणि कर्करोगाची तोंडातील जागा यांचा मेळ कसा बसतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक आवडता विषय होता. पेशीच्या भोवतालाचा विचार अद्याप दूर होता. पण माणसाच्या भोवतालाचा विचार परळला असा सुरू झाला.

१९५२मध्ये खानोलकरांच्या पुढाकाराने परळलाच भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथील एक ज्येष्ठ संशोधक डॉ. कमल रणदिवे. जन्म १९१७, पुणे; माहेरच्या समर्थ. त्यांच्या पदव्युत्तर अभ्यासाचा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे. बीड जिल्ह्यातील डोंगरांवर सीताफळे वेचीत वाढलेल्या वाचकाला हे वाचून आपुलकी वाटेल. १९४९मध्ये खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविल्यानंतर त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्याकडे पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन त्यांनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१मध्ये त्यांचे निधन झाले.

रणदिवे यांच्या कामात एक दुहेरीपण आहे आणि ते आमच्या विषयाला धरून आहे. एकीकडे त्यांनी पेशीला शरीरापासून वेगळे करून काचेत वाढविण्याची विद्या देशात आणली. दुसरीकडे उंदरांतील स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास करताना आनुवंशिकता, संप्रेरके आणि अर्बुदकारक विषाणू यांचा एकमेकांशी काय संबंध येतो, हे त्या तपाशीत राहिल्या. एकट्या बियाला दोष देऊन भागत नाही, हा त्याचा मथितार्थ. काचेतल्या पेशीबद्दलही सावध राहावे लागते. प्रयोगशाळांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या काही पोषक द्रवांत ग्लुकोज रक्ताच्या सुमारे पाचपट असते. तेथे पेशी जशी वागते तशी ती शरीराच्या कोंदट, अपुऱ्या जागेत वागेलच असे नाही.

प्राणवायूची वाट

ही जागा कोंदट असते हे १९५५मध्ये लंडनमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखविले. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कापांत त्यांना दिसले, की रक्तवाहिनीच्या लगतच्या पेशी जिवंत आहेत, आणि तिच्यापासून साधारण एक-षष्ठांश मिलिमीटरपेक्षा दूरच्या मेलेल्या आहेत. प्राणवायू तेवढेच अंतर झिरपू शकतो. मेलेल्या आणि जिवंत यांच्या सीमेवर अर्धपोटी पेशी तग धरून असतात. आणि प्राणवायू कमी असल्यामुळे किरणोपचारालाही त्या दाद देत नाहीत. ज्या रुग्णांनी किरणोपचार घेतले आहेत त्यांनी मात्रेचे ‘ग्रे’ हे परिमाण ऐकले असेल. ते याच ग्रे यांच्या नावाचे.

१९७१मध्ये बोस्टनचे शल्यविशारद जुडा फोकमन यांनी पुढचे पाऊल टाकले. अर्बुद स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते आणि त्या मिळाल्या नाहीत तर ते फार वाढू शकत नाही, असे त्यांनी मांडले. प्रारंभी पुष्कळांनी हे मानले नाही. पण या विचारावर आधारलेले पहिले औषध २००४मध्ये अमेरिकेत मान्य झाले. मात्र अर्बुदाच्या रक्तवाहिन्या नीट बांधलेल्या नसतात. कोठे गळक्या, कोठे वळणावळणाच्या, कोठे मध्येच बंद. पाटाला पाणी आहे, पण शेवटच्या वाफ्याला पोहोचत नाही, अशी अवस्था.

प्राणवायू कमी पडला हे पेशीला कळते कसे? १९९०च्या दशकाच्या आरंभी ग्रेग सेमेन्झा यांनी एक प्रथिन शोधले. प्राणवायू पुरेसा असेल तेव्हा पेशी हे प्रथिन तयार करते आणि लगेच मोडून टाकते. प्राणवायू घटला की ते मोडले जात नाही. ते पेशीच्या केंद्रकात शिरते आणि अनेक जनुके जागी करते. त्यांतील काही ग्लुकोज अधिक आत ओढणारी, काही ते आंबविणारी, काही नव्या रक्तवाहिन्यांना साद घालणारी. सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना या कामासाठी २०१९चे नोबेल पारितोषिक मिळाले. वारबुर्गने पाहिलेला धूर आणि पॅजेटने सांगितलेली जमीन येथे एका सूत्रात आली.

परळीचे उदाहरण पुन्हा द्यावेसे वाटते. २०१३च्या दुष्काळात आपले विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले. भट्ट्या मोडल्या नव्हत्या, कामगार गैरहजर नव्हते. गोदावरीचे पाणी नव्हते. नुसत्या यंत्राकडे पाहणारा कारण शोधीत बसला असता. वारबुर्गचे काहीसे असेच झाले. अर्थात सारा दोष भोवतालाचा, असेही नाही. पेशीच्या जनुकांत बिघाड असतोच, आणि प्राणवायू असताना आंबविण्याची सवय पुष्कळदा त्यातूनच येते. बी आणि जमीन दोन्ही मिळून पीक ठरते.

पडद्यावरील उजेड

आता त्या मुलांच्या मूळ समजुतीकडे येऊ. कर्करोग साखर खातो, हे त्यांना पटले ते पेट स्कॅनमुळे. ही तपासणी करताना किरणोत्सारी फ्लुओरिन जोडलेले ग्लुकोज शिरेतून देतात. पेशी ते आत घेतात, पण पुढे वापरू शकत नाहीत. ते आत अडकून राहते आणि त्याच्या किरणांवरून चित्र तयार होते. हे फ्लुओरिन दर ११० मिनिटांनी निम्मे होते, म्हणून ते फार दुरून आणता येत नाही. ते तयार करणारे देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२मध्ये परळच्याच रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये कार्यान्वित झाले.

तपासणीपूर्वी काही तास रुग्णाला उपाशी ठेवतात, आणि चित्रात गाठ उजळलेली दिसते. घरच्यांची खात्री पटते : पाहा, साखर तेथेच जाते! पण त्याच चित्रात मेंदूही लख्ख उजळलेला असतो, याकडे लक्ष जात नाही. आणि ते काही तासांचे उपोषण चित्र स्पष्ट यावे म्हणून असते. तो उपचार नव्हे.

याहून मोठे आश्चर्य २०२१मध्ये पुढे आले. अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या अर्बुदांतील निरनिराळ्या पेशी वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हा एकेका पेशीमागे सर्वाधिक ग्लुकोज घेणाऱ्या निघाल्या त्या गाठीत शिरलेल्या काही पांढऱ्या पेशी. कर्करोगाच्या पेशी ग्लुटामिन नावाच्या दुसऱ्या अन्नघटकाकडे अधिक वळलेल्या होत्या. शंभर वर्षे जो उजेड केवळ चोराच्या घरचा समजला गेला, त्यातील काही शेजाऱ्यांच्या घरचाही होता.

कुंपणापलीकडचे शेजारी

गाठ म्हणजे एकाच जातीच्या पेशींचा ढीग नव्हे. तीत रक्तवाहिन्या असतात, धागे विणणाऱ्या पेशी असतात, संरक्षणासाठी आलेल्या पांढऱ्या पेशी असतात. २००८मध्ये उंदरांवरील प्रयोगांत असे दिसले, की रक्तवाहिनीपासून दूरच्या, प्राणवायूला पारख्या पेशी ग्लुकोज आंबवून लॅक्टिक आम्ल टाकतात, आणि रक्तवाहिनीजवळच्या पेशी ते आम्लच इंधन म्हणून जाळतात. त्यामुळे ग्लुकोज मागे दूरवर पोहोचते. एकाचा धूर तो दुसऱ्याचा कोळसा. २०१५मध्ये दोन स्वतंत्र अभ्यासांनी दाखविले, की काही अर्बुदे भोवतालचे ग्लुकोज इतके ओढून घेतात की त्यांच्याशी लढण्यास आलेल्या पांढऱ्या पेशीच भुकेने निष्प्रभ होतात. म्हणजे रुग्णाची उपासमार केली, तर आधीच भुकेल्या शिपायांची शिदोरी आपण काढून घेतो की काय, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

सोड्याच्या पाण्याविषयीही दोन शब्द. गाठीच्या भोवताली आम्लता असते, हे खरे. पण ती गाठीनेच निर्माण केलेली असते. आपल्या रक्ताची आम्लता फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अत्यंत काटेकोर मर्यादेत राखतात. सोडा पिऊन गाठीभोवतालची जमीन बदलत नाही. दुर्बल रुग्णाला त्याचा अपाय मात्र होऊ शकतो.

मग साखर हवी तेवढी खावी काय? तसेही नाही. मधुमेही रुग्णाने डॉक्टर सांगतील तेच पथ्य पाळावे, आणि स्थूलपणा काही प्रकारच्या कर्करोगांचा धोका वाढवितो हेही खरे आहे. कोणते पथ्य कोणत्या उपचाराला पूरक ठरेल, यावर संशोधन चालू आहे. परंतु ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचे काम. घरच्या घरी, ऐकीव माहितीवर, केमोथेरपी चालू असलेल्या माणसाची भाकरी हिरावून घेणे हे त्यात बसत नाही.

अंजिराच्या झाडाभोवती

या इतिहासाने आम्हांला दोन गोष्टी शिकविल्या. पहिली, ज्ञान अर्धे असताना फार ठाम होऊ नये. वारबुर्गसारखा महापंडित डोळ्यांसमोर दिसलेल्या सत्यालाच पूर्ण सत्य समजून बसला. मग आपले काय? जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, असा प्रश्न शिष्यांनी विचारला होता. आजही कर्करोगाच्या घरात तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला जातो : काय खाल्ले, कोणाचे भोवले, श्रद्धा कोठे कमी पडली? प्रभूने तो प्रश्न फेटाळला होता. आपणही फेटाळावा.

दुसरी गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाची. धनी ते तोडू पाहतो. माळी म्हणतो, आणखी एक वर्ष राहू द्या, मी त्याच्या भोवती खणीन, खत घालीन. माळी झाडाला बोल लावीत नाही. तो भोवतालच्या मातीला हात घालतो. गाठीभोवतीच्या मातीला हात घालणे हे शास्त्रज्ञांचे आणि डॉक्टरांचे काम आहे. ते करीतही आहेत. रुग्णाभोवतीची माती मात्र आपण आहोत. आपल्या घरातील तंबाखूची पुडी, मिश्रीची डबी आणि २०१२पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा हा आपला भोवताल आहे, आणि तो आपण बदलू शकतो. गाठ लपविण्याची लाज हाही आपला भोवताल आहे. शेजारच्या बार्शीत १९८७पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे. तेथील कार्यकर्ते गावोगाव जाऊन माणसांशी बोलतात, कारण गावातील माणूस आपण होऊन उशिरा येतो. अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय तर आपल्या हाकेच्या अंतरावर. तेव्हा शंका आली की परळची वाट धरण्याआधी निदान अंबाजोगाई गाठावी. उशीर करू नये.

त्या घरी आम्ही पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाने मुलांना समोर बसवून सगळे समजावले होते. सोडा बंद झाला होता. ताटात ज्वारीची भाकरी, वरण, उकडलेले अंडे आणि एक केळे होते. माउलीने आमच्यासाठी चहा टाकायला लावला आणि स्वतःच्याही कपात चिमूटभर साखर घालून घेतली. थोरला मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त साखरेचा डबा तिच्या हाताशी सरकवला. लांबलेले उपचार पुढे पूर्ण झाले. आता ती रविवारी मिस्साला येते, आणि मिस्सानंतर एखाद्या घरी नवी गाठ निघाल्याचे कळले तर आमच्या आधी तीच तेथे पोहोचलेली असते.